भामाबाईंचा जागता काटा

भामाबाईंना मी विहीण म्हणून ओळखायला लागलो ते अलीकडे. त्याआधी कितीतरी वर्षं मी त्यांना ओळखत होतो ते सामान म्हणून.

सांगतो, सगळं सांगतो. मी एसटीत कंडक्टर होतो. पनवेल डेपो, आणि जन्म गेला तो पनवेल-उरण लाइनवर. त्या काळी उरणजवळच्या करंजा गावच्या कोळणी सुक्या मासळीच्या पाट्या घेऊन पनवेलच्या बाजाराला यायच्या. सकाळी पाट्या भरलेल्या, दुपारी रिकाम्या. पण त्यांच्यात एक बाई अशी होती, की तिची पाटी परतताना जास्त भरलेली. आणि भरलेली कशानं? काट्यांनी! बाजार उरकला की ती पनवेलबाहेरच्या माळावर जायची, कोयत्यानं उंटकटारा कापायची, मोळी बांधायची आणि थेट माझ्या गाडीत चढायची.

उंटकटारा तुम्ही पाहिला असेल, नाव माहीत नसेल. गुडघ्याएवढं झुडूप. पानांच्या टोकाटोकाला काटे, पान उलटं केलं तर खाली पांढरी लव. डोक्यावर चेंडूसारखं गोल बोंड, त्यालाही चहूबाजूंनी काटे. फुलावर आलं की ते बोंड फिकट निळं दिसतं, असं की हात लावावासा वाटतो. लावला की मग पुन्हा वाटत नाही. आमच्या गावच्या शाळेत जायच्या वाटेवर हा माजलेला असायचा. माझे वडील त्याला कुदळीनं उपटून बांधावर फेकायचे आणि म्हणायचे, ‘बैल तोंड लावत नाही, बकरी तोंड लावत नाही, देवानं हे केलं तरी कशाला?’ मी गुरुजींना विचारलं, तर गुरुजी म्हणाले, ‘उंटासाठी.’ आता आमच्या पंचक्रोशीत उंट कुठला! मी बरेच दिवस वाट पाहिली.

तर ही मोळी एसटीत. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याचं धोतर अडकलं, दुसऱ्याची मांडी ओरबाडली. गाडीत बोंब. मी म्हटलं, “बाई, या काट्यांचं सामानाचं तिकीट काढा.”

ती म्हणाली, “काटे कुटं बसलेत? ते उभेच हायेत.”

“उभ्यालाही तिकीट लागतं.”

“मंग मास्तर, तुमी पन उभेच हाव. तुमचं तिकीट कोन काढतंय?”

अख्खी गाडी हसली. ड्रायव्हरनं हसण्याच्या नादात एक स्टॉप सोडला. मी तिकीट फाडलं नाही. कुठल्या तोंडानं फाडणार? त्या दिवसापासून मोळी शेवटच्या सीटमागे उभी राहायला लागली, आणि मी ‘मास्तर’. कंडक्टरला सगळेच मास्तर म्हणतात, पण ती म्हणायची तेव्हा त्यात थोडा मार असायचा.

एवढे काटे नेऊन करते काय, हे मला कळायला विनिताचं लग्न ठरावं लागलं.

विनिता माझी नात. मुलगा सुशांत आणि सून नीता, आम्ही सगळे नवीन पनवेलला सेक्टरातल्या इमारतीत राहतो. विनितानं मुलगा पसंत केला तो करंज्याचा, शैलेश, बंदरावर नोकरीला. घर बघायला गेलो. मासळी वाळत घातलेली, वास असा की नीतानं पदर नाकाला लावला तो घरी येईपर्यंत काढला नाही. अंगणात मोठ्या जाळीवर बारीक कोळंबीचा जवळा पसरलेला, लालसर, आणि त्याभोवती गोल कडं घातलेलं वाळक्या उंटकटाऱ्याचं! कड्याबाहेर एक अर्धा कान तुटलेला बोका बसलेला. जवळ्याकडे बघतोय, काट्याकडे बघतोय, आणि जीभ फिरवतोय.

“पाय बगून टाका,” आतून आवाज आला. “त्या बोक्यानं नाय बगितला, त्याचा कान गेला.”

मी आवाज ओळखला; शैलेशची आई म्हणजे माझी मोळीवालीच! ती बाहेर आली, कपाळाला आठी घालून माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, “मास्तर! तिकीट मागायला आलाव का आता घरापरत?”

लग्न तिथेच ठरलं म्हणायचं. नीता आजही म्हणते, ‘बाबा, तुम्ही हसत सुटलात म्हणून मला नाही म्हणता आलं नाही.’

भामाबाईंचं सगळं त्या काट्यावर चालायचं. मांजर, कुत्री, शेजारची कोंबडी, सगळ्यांना कडं. त्यांचे मालक गणू तांडेल होडीवर असायचे, आता गुडघे गेले म्हणून ओट्यावर जाळी विणतात, बोलतात कमी. मी एकदा त्यांना विचारलं, “तुम्ही दोघांत बोलता तरी कधी?” तर त्यांनी बायकोकडे मान हलवली आणि म्हणाले, “माज्या वाटचं पन तीच बोलते.” वस्तीतल्या लोकांना तो उंटकटारा नको असे. पोरांच्या पायात जातो, उपटा. भामाबाई घराच्या मागं एक झुडूप राखून ठेवायच्या, बी पडेपर्यंत कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. एका पोरानं लाथ मारली तर त्याला म्हणाल्या, “तुजा वंश चालाया पायजे, त्याचा नको काय?”

आणि काटा नुसता मासळीपुरता नव्हता. त्यांच्या घरात बाळंतिणीच्या दाराला पाचवीच्या दिवशी दिवे लागताना उंटकटाऱ्याची जुडी बांधायची, ही त्यांच्या सासूची, सासूच्या सासूची रीत. पाचवीला वाईटसाईट घरात शिरू बघतं, असं जुनी माणसं मानतात. भामाबाईंचं म्हणणं असं, की बाळंतीण पोर घेऊन थकलेली असते, तिला झोप लागणारच. मग राखण कुणी करायची? “काटा निजत नाय, मास्तर. त्याला पापनी हाय कुटं?”

आता थोडं दुःखाचं आहे, ते पटकन सांगून टाकतो.

विनिताचं पहिलं बाळ घरी आलंच नाही. वेळेआधी झालं, काचेच्या पेटीत ठेवलं, आणि पाचवी उजाडायच्या आत गेलं. भामाबाई जुडी घेऊन आल्या होत्या. दवाखान्यात कुठल्या दाराला बांधणार? कोपऱ्यात बाकड्याखाली पिशवी ठेवून बसून होत्या. डॉक्टरांनी, नर्सबायांनी हातचं काही राखलं नव्हतं. कुणी कुणाला दोष दिला नाही. पण मला आठवतं ते हे, की जिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं ती बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. पिशवी उचलली आणि गणू तांडेलांच्या मागोमाग जिना उतरली.

दुसऱ्या वेळी विनिता बाळंतपणाला आमच्याकडे आली ती थंडीत. मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, चांगली गुबगुबीत, आवाज असा की खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले. सगळं चांगलं. फक्त एक. विनिता झोपेना.

झोप लागत नाही असं नव्हे, ती झोपायचीच नाही. भिंतीला पाठ टेकून, पोरगी छातीशी धरून, डोळे ताणून बसलेली. नीता म्हणायची, “दे माझ्याकडे, मी बसते.” नाही. शैलेश सुट्टी टाकून आला, त्याच्याकडेही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळ उत्तम आहे, आता आईनं झोप घेतली पाहिजे, नाहीतर दूध कमी होईल, ताप येईल. विनितानं मान हलवली आणि पुन्हा भिंतीला पाठ. डोळ्यांखाली काळं आलं. बोलता बोलता तिची मान खाली जायची आणि ती दचकून पोरीच्या नाकाशी बोट धरायची, श्वास बघायला. मला ते बघवेना. मी तिला मोळीची गोष्ट सांगितली, उंटाची सांगितली, ती कशीबशी हसली. पण हात सैल सोडले नाहीत.

शेवटी भामाबाईंचा फोन आला. नीतानं स्पीकरवर टाकला.

“सूनबाय, ऐक. मी पाचवीला येते. काटा लावते. मंग तू नीज. तवर बस बसायचं तर. पन काटा लागला का निजायचं. कबूल?”

विनितानं पोरीच्या नाकाशी पुन्हा एकदा बोट धरलं. मग म्हणाली, “कबूल, आई.”

नीतानं माझ्याकडे बघितलं. तिला असल्या गोष्टी पटत नाहीत, दारात काटे तर मुळीच नाहीत. पण एवढे दिवस आम्हा सगळ्यांना मिळून जे पटवता आलं नव्हतं, ते त्या बाईनं एका दमात कबूल करून घेतलं होतं.

पाचवीच्या दिवशी भामाबाई सकाळीच आल्या. एका हातात सुक्या बोंबलांची पिशवी, दुसऱ्या हातात गोणपाटात गुंडाळलेली जुडी. बोंबील आत आले. जुडी त्यांनी दाराबाहेर चपलांशेजारी उभी केली. रीत अशी, की दिवे लागेपर्यंत काटा उंबऱ्याच्या आत आणायचा नाही.

“बाहेर राहू दे?” नीतानं विचारलं.

“तिला कोन नेतंय? काटे हायेत.”

करंज्यात दाराबाहेर ठेवलेली वस्तू म्हणजे सांभाळलेली वस्तू. येणारा जाणारा बघतो, कुणाची आहे ते ओळखतो, वळसा घालून जातो. आमच्या इमारतीत दाराबाहेर ठेवलं, म्हणजे कचरा. हे भामाबाईंना माहीत नव्हतं, आणि आम्हाला इतकं माहीत होतं, की सांगायचं सुचलंच नाही.

आत त्या पोरीला मांडीवर घ्यायला बसल्या. विनितानं पोरगी दाखवली, दिली नाही. भामाबाईंनी हात पुढे केला होता, तो तसाच वळवून तिच्या केसांवरून फिरवला. “राहू दे. सांजंला देशील.” मग स्वयंपाकघरात दोन विहिणींचं जुंपलं: डिंकाच्या लाडवात खोबरं किती, बाळंतिणीला बोंबील चालतात का. मी मजेत ऐकत बसलो.

उन्हं कलली तशा भामाबाई दोरा घेऊन दाराशी गेल्या, आणि तिथेच थांबल्या.

चपला होत्या. जुडी नव्हती.

खाली बुधाजी असतो, तोच सकाळी प्रत्येक मजल्यावरचा कचरा गोळा करतो, गेटवरही बसतो. साधा माणूस. मी वरूनच हाक मारली. तो धावत आला. “आजोबा, ती गोणपाटातली काटकी? मला वाटलं झाडून काढलेलं तण आहे. हात पण ओरबाडला माझा. गाडीत टाकली की सकाळीच. गाडी गेली.” मग त्याला आमचे चेहरे दिसले. “कामाची होती का हो?”

भामाबाईंकडून एकही टोमणा नाही. त्या उंबऱ्यावर बसल्या, दोरा हातात, आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. दवाखान्यातल्या बाकड्यावर बसल्या होत्या तशाच. आतून विनिताचा आवाज आला, “आई, लावला का?”

बुधाजी मागच्या मागे जिना उतरून गेला.

मी चपला घातल्या. म्हटलं, “तुम्ही बसा. मी आणतो.” आणि निघालो. आता गंमत बघा. ज्या माळावर ही बाई मोळ्या कापायची, तो माळ म्हणजे आमचंच सेक्टर. जिथं नजर जाईल तिथं उंटकटारा, असा तेव्हा तो माळ! मी सगळा पालथा घातला. बागेत गेलो तर हिरवळ, कडेला फरशी. नाल्यापाशी गेलो तर सिमेंट. शाळेमागचा मोकळा प्लॉट, तिथं पत्रे ठोकलेले. जन्मभर ज्याला लाथा मारल्या त्याला ‘बाबा, कुठं आहेस’ म्हणत हिंडत होतो. स्टेशनच्या भिंतीलगत पिवळा धोतरा दिसला, काटेरी तोही असतो, म्हणून एक रोप उपटलं, बोटं फोडून घेतली आणि परत आलो.

येऊन बघतो तो आमच्या मजल्यावर माणसं. नीतानं समोरच्या शेजारणीला विचारलं होतं, तुमच्याकडे काही काटेरी आहे का. समोरचीनं खालचीला विचारलं, आणि इमारतीत बातमी जिन्यानं जात नाही, लिफ्टनं जाते. तेवढ्यात वरून उदयसिंह उतरले. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, खानदेशातले, पॅसेजमध्ये चप्पल जरी आडवी पडली तरी नोटीस लावणारे. त्यांच्या बाल्कनीत निवडुंगाच्या कुंड्या आहेत, देशोदेशीच्या. पाणीसुद्धा दुसऱ्याला घालू देत नाहीत.

“ही गर्दी कसली पॅसेजमध्ये?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, एसटीपासून. नीता म्हणाली, “बाबा, थोडक्यात.” मग तिनंच दोन वाक्यांत सांगितलं.

उदयसिंहांनी भामाबाईंकडे बघितलं. “उंटकटारा?” म्हणाले, “आमच्या शेताच्या बांधावर असायचा. माझी आई गोठ्याच्या दाराला बांधायची, गाय व्यायली की.” आणि वळून वर गेले. मला वाटलं, गेले. तर लिफ्ट उघडली आणि हे दोन्ही हातांत दोन कुंड्या घेऊन उभे! ठेवल्या, पुन्हा गेले. पुन्हा दोन. मग काय! समोरचीनं गुलाब आणला. खालून लिंबाची फांदी आली. कुणी बोगनवेल, कुणी कोरफड. समोरची छोटी इरा, ती आपल्या बाहुलीचे केस विंचरायचा ब्रश घेऊन आली आणि गंभीरपणे म्हणाली, “हा पण टोचतो.”

भामाबाई उठल्या. मासळीबाजारात माल बघावा तशा एकेक वस्तू बघू लागल्या, बोटानं टोचून. लिंबाला मान डोलावली. निवडुंगाला बोट लावलं आणि “आयो!” केलं, उदयसिंह खूश. कोरफडीला म्हणाल्या, “हिला कोनी आनली? ही काय चावनार, ही तर औषद.” माझ्या धोतऱ्याकडे बघून, “मास्तर, एवढ्यासाटी गेलाव?” इराचा ब्रश मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि दाराच्या कडीला बांधला.

मग थांबल्या, आणि खाली बघत नीताला हळूच म्हणाल्या, “विहीनबाय, खरं सांगू? हे चालतंय का नाय, मना म्हाईत नाय. आमच्यात असं कोनी केलेलं नाय. त्या पोरीला खोटं कसं सांगू?”

नीता काही म्हणणार, तोच आतलं दार उघडलं. विनिता भिंत सोडून पहिल्यांदाच बाहेर आली होती, पोरगी कुशीत. तिनं दाराबाहेर बघितलं. कुंड्या, फांद्या, बोटं चोखत उभा मी, घामाघूम उदयसिंह, कडीला बाहुलीचा ब्रश. मला वाटलं, रडते. आणि ती हसायला लागली. पोट धरवत नव्हतं तरी हसत होती.

“आई,” ती म्हणाली, “उंटकटारा कुठाय?”

भामाबाईंनी लपवलं नाही. “गेला, बाय. कचऱ्यात. माजीच चूक. हे समद्यांनी आनलंय. हे आपल्या रीतीचं नाय.”

विनिता एकेका कुंडीकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, “हे जागे राहतील?”

भामाबाईंनी निवडुंगाला पुन्हा एकदा बोट लावून बघितलं. “एकलं असतं तर सांगता आलं नसतं,” म्हणाल्या. “पन एवढी जनं एका दारात बसल्यावर निजतंय कोन? गप्पा मारतील रांडेचे.”

विनिता पुढे झाली आणि पोरगी सासूच्या हातात दिली. अगदी सहज दिली. आत गेली, आडवी झाली, आणि नीता पांघरूण घेऊन पोचेपर्यंत ती झोपली होती. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी.

दिवे लागले. लोक चवड्यांवर आपापल्या घरी गेले. उदयसिंह जाताना म्हणाले, कुंड्या बारशापर्यंत इथेच राहतील, पॅसेजच्या नियमाचं आपण बघू. भामाबाई कुंड्यांच्या मधोमध उंबऱ्यात बसल्या, मांडीवर पोरगी. तेवढ्यात जिन्यावरून बुधाजी आला. तो कचऱ्याच्या गाडीमागे पार टाकण्याच्या जागेपर्यंत जाऊन आला होता. जुडी काही मिळाली नव्हती. पण सकाळी ज्या पोत्यातून त्यानं ती खाली नेली होती, त्या पोत्याच्या आतल्या बाजूला एक बोंड अडकून बसलं होतं. वाळलेलं, अर्धं चेपलेलं. ते त्यानं दोन बोटांत धरून पुढे केलं.

“एवढंच राहिलंय, आज्जी.”

भामाबाईंनी ते घेतलं. फुंकर मारून धूळ उडवली, दोऱ्यात ओवलं आणि बसल्या बसल्याच हात उंच करून कडीला, ब्रशाच्या वर बांधलं.

“हा मुकादम,” म्हणाल्या. “आता बाकीच्यांवर लक्ष ठेवील.” मग बुधाजीच्या ओरबाडलेल्या हाताकडे बघून, “आत जा. विहीनबायकडून तेल घे, आन बोंबील पन घेऊन जा घरी.”

मला राहवेना. मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं. म्हटलं, “विहीणबाई, आमचे गुरुजी सांगायचे, हा उंटकटारा खरा उंटासाठी. तर झालं असं, की एकदा आमच्या गावात खरोखरच…”

“मास्तर,” भामाबाईंनी पोरीवरून नजर न काढता हात वर केला. “आतली निजलीय. हीपन निजलीय. उंटाला सांगा, उद्या ये.”

आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी गोष्ट अर्ध्यावर सोडली आणि मला जराही वाईट वाटलं नाही. आत विनिता घोरत होती. आम्ही दोघं म्हातारे उंबऱ्यात बसून ते घोरणं ऐकत राहिलो.